आत्याबाईंच्या कपबशा

लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला आले तेव्हा घरात माणसं तीनच होती. हे, आत्याबाई आणि मी. हे शाळेत गणित शिकवायचे. आत्याबाई म्हणजे ह्यांच्या वडिलांची थोरली बहीण. ह्यांची आई हे अगदी लहान असताना गेली, मागोमाग वडीलही गेले, आणि पुढं ह्यांना वाढवलं, शिकवलं, माणसात आणलं ते आत्याबाईंनी. त्या बालविधवा. नवऱ्याचं तोंडही धड पाहिलेलं नसताना तो तापानं गेला, आणि त्या वयात आल्याबरोबर घरच्यांनी त्यांचं केशवपन करून टाकलं.

मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांची साठी उलटली असावी. अंगावर तांबडं आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, एक वेळचं जेवण. सोवळं इतकं कडक, की त्या नदीवरून घागर घेऊन दारात आल्या की मी भिंतीला पाठ लावून उभी राहायची. दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दारी यायचा. त्या मान खाली घालून बसायच्या. अंघोळ करून घरात आल्या की त्या दिवशी कुणाशी फारसं बोलायच्या नाहीत. पहिल्या वर्षी मला त्याचं फार भय वाटे. मग सवय झाली. कशाचीही सवय होते.

त्यांचा एकच शौक होता, चहा. दम्यावर उपाय म्हणून कुणा वैद्यानं सांगितला आणि तो जडला. स्वतःच्या हातानं करायच्या, स्वतःच्या पितळी पेल्यात घ्यायच्या, आणि घेताना डोळे मिटायच्या. नाक असं तिखट, की मी स्वयंपाकघरात पुड्याचा दोरा सोडला की देवघरातून विचारायच्या, "आज कुठला आणला गं? भुसा आहे तो." लढाईच्या दिवसांत बाजारात चहा म्हणून जी काळी भुकटी मिळायची तिच्यात काय काय मिसळलेलं असे देवाला ठाऊक. त्या काळात त्यांनी कित्येक महिने चहा सोडला. वाईट पिण्यापेक्षा न प्यालेला बरा, म्हणायच्या. बाकी आयुष्यात जे समोर आलं ते त्यांनी निमूटपणे घेतलं होतं. चहाच्या बाबतीत तेवढा हट्ट.

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात साताऱ्याला माझ्या धाकट्या भावाची मुंज होती. आम्ही तिघंही गेलो. वाईच्या घाटावर एकदा स्नान करावं असं आत्याबाईंच्या मनात फार दिवस होतं. आपल्या सांगलीच्या कृष्णेचंच पाणी, पण वर कसं कोवळं दिसतं ते बघायचंय, असं त्या म्हणायच्या. म्हणून मुंज आटोपल्यावर सर्व्हिस मोटारीनं वाईला गेलो. तिथं ह्यांना कुणीतरी सांगितलं, की पाचगणीला एका इंग्रज मास्तरांची विधवा बायको सामान विकून विलायतेला निघाली आहे, आणि सामानात गणिताची पुस्तकं पुष्कळ आहेत. पुस्तकांचं नाव काढलं की ह्यांचा पाय घरात ठरत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पसरणीचा घाट चढून पाचगणीला पोचलो.

बंगला लहानसाच होता. व्हरांड्यात टेबलं मांडून त्यावर सामान ठेवलेलं. दिवे, पडदे, घड्याळ, तसबिरी. मडमबाई वयानं आत्याबाईंच्याच बरोबरीच्या, पण अंगात फुलाफुलांचा झगा आणि गळ्यात मोत्यांची माळ. ही विधवा आहे हे ह्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं, म्हणून मी तिच्याकडं नुसती बघतच राहिले. तीही आत्याबाईंकडं तशीच बघत होती. हे पुस्तकांच्या पेटाऱ्यात शिरले. आत्याबाई आवारातल्या झाडाखाली उभ्या राहिल्या. म्लेंच्छाच्या घरात त्या पाऊल टाकणार नव्हत्या.

मडमबाईंचा खानसामा पाटणकडचा, पलटणीतून निवृत्त झालेला माणूस होता. तो म्हणाला, "आवं बाई, उनात का हुब्या ऱ्हायलाय? वर या की सावलीला. हितं कोन बी काय म्हननार न्हाई."

"असू दे. इथं बरं आहे," आत्याबाई म्हणाल्या.

तेवढ्यात त्यानं आतून चहाचा ट्रे आणून व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवला. वारा आमच्या बाजूचा होता. आत्याबाईंनी मान वर केली. मला वाटलं, कुठं फूल उमललंय का काय बघतायत.

"हा वास कशाचा?" त्यांनी विचारलं.

"च्याचा हाय. दार्जिलिंगकडचा. बाईसाब दुसरा पीत न्हाईत."

"चहाचा?" आत्याबाई म्हणाल्या, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पायऱ्या चढून व्हरांड्यात गेल्या.

मी जागची हलले नाही. माझ्या माहेरी त्या गुळाचा खडादेखील सोवळ्यातला असल्याशिवाय तोंडात घालत नव्हत्या. आणि इथं त्या मडमबाईंच्या टेबलाशी उभ्या राहून खानसाम्याला विचारत होत्या, की चहा उकळत का नाही, किटलीत आधी नुसतं गरम पाणी घालून ते ओतून का दिलं, वर हे कापसाचं टोपडं कशाला. तो बिचारा एकेक सांगत होता. किटली आधी तापवली की पाणी निवत नाही. पाणी खळखळलं की पत्तीवर ओतायचं आणि हात लावायचा नाही. टोपडं घालून थांबायचं. मडमबाईंना मौज वाटली असावी. त्यांनी एक रिकामी कपबशी पुढं सरकवली.

आत्याबाईंनी तो कप उचलला. पांढरा, कडेला बारीक सोनेरी रेघ. त्यांनी तो उन्हाकडं धरला. पलीकडून त्यांच्या बोटांची सावली आत दिसली, दुधाच्या सायीतून दिसावी तशी. त्या बराच वेळ तो धरून उभ्या होत्या. हे तोपर्यंत चार पुस्तकं काखेत घेऊन बाहेर आले होते.

"हा संच घ्यायचा," आत्याबाई म्हणाल्या.

ह्यांनी काखेतली पुस्तकं सावरली. मग म्हणाले, "आत्या, कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"अगं, पण तुला चिनी माती चालत नाही."

"माती कुठली ही? मातीतून उजेड दिसतो का? काच आहे. काचेला विटाळ नाही."

ह्यांनी आत्याबाईंच्या हातातला कप घेतला, उलटा केला, तळाशी इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं ते वाचलं. क्षणभर थांबले. मग कप जपून खाली ठेवला आणि मडमबाईंशी किमतीचं बोलायला लागले. काखेतली चारही पुस्तकं त्यांनी परत पेटाऱ्यात ठेवली. मी ते पाहिलं, पण पैसे पुरत नसतील असं समजून गप्प बसले. मडमबाईंनी किटली, तिचं टोपडं, दुधाचं भांडं, सहा कपबशा आणि वर एक न फोडलेला पत्तीचा डबाही दिला. निघताना त्या आत्याबाईंना इंग्रजीत काही म्हणाल्या. ह्यांनी मराठीत सांगितलं, "त्या म्हणतायत, किटलीला साबण लावू नका."

आत्याबाईंनी ती टोपली घाट उतरून वाईपर्यंत आणि पुढं आगगाडीत मिरजेपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

सांगलीत आमच्या गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. सोवळी बाई मडमेच्या कपातून चहा पिते म्हटल्यावर बायका काही ना काही निमित्त काढून यायच्या. आत्याबाई सगळ्यांना काचेचं सांगायच्या आणि कप उजेडाला धरून दाखवायच्या. समोर दिसत असताना कोण काय बोलणार? आणि त्यांच्या सोवळ्याबद्दल सगळ्या गावभागात इतका आदर होता, की त्या म्हणाल्या म्हणजे ते शास्त्रातच असणार. श्राद्धाचा, व्रताचा स्वयंपाक असला की मोठमोठ्या घरांतून आत्याबाईंनाच बोलावणं यायचं.

दुपारचा चहा हा घरात सोहळाच झाला. त्या कपबशा रिठ्याच्या पाण्यात स्वतः धुवायच्या, मला हात लावू देत नसत. मडमबाईंचा डबा संपला तेव्हा ह्यांना पेठेतल्या एका दुकानदाराकडं पाठवलं. तो मुंबईहून अख्ख्या पत्तीचा चहा मागवून द्यायचा. पुडा घरी आला की आत्याबाई चिमूट तळहातावर घेऊन तोंडाची वाफ द्यायच्या आणि हुंगायच्या. पसंत नसला तर पुडा परत. साखर रेशनवर मोजून मिळायची, ती माझ्या चहात जास्त पडावी म्हणून त्यांनी स्वतःचा चहा जवळजवळ अगोड प्यायला सुरुवात केली, आणि मग म्हणाल्या, "अगं, साखरेनं चवच झाकत होतो आपण इतकी वर्षं." मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचे समोरचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

श्रावण संपत आला होता. ह्यांचे एक मित्र होते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. नुकतेच सांगलीत आले होते. माणूस सरळ, बोलका, आणि दिसेल ती गोष्ट समजावून सांगायची सवय. ते पहिल्यांदा घरी आले तेव्हा आत्याबाईंनीच सांगितलं, पाहुण्यांना चांगल्या कपातून दे. त्या आतल्या खोलीत उंबऱ्याशी स्वतःचा कप घेऊन बसल्या. मी मधल्या दारात उभी होते.

प्रोफेसरांनी एक घोट घेतला आणि कप डोळ्यांसमोर धरला. "वहिनी, हा कुठून मिळवलात? अस्सल बोन चायना आहे."

"काच आहे ना ती?" मी म्हटलं.

"छे, काच कुठली. हाडांची माती म्हणायची ही. जनावरांची हाडं भट्टीत जाळतात, त्यांची पांढरीशुभ्र राख करतात. निम्मी राख आणि निम्मी माती. म्हणून तर भांडं इतकं पातळ होतं आणि उजेड आरपार जातो."

"अरे," हे एवढंच म्हणाले.

माझ्या हातात साखरेचं भांडं होतं. ते माझ्या हातात आहे हेच मी विसरले. आत बघायचं धाडस होत नव्हतं, आणि न बघताही राहवत नव्हतं. आत्याबाईंचा कप ओठांपासून बोटभर अंतरावर थांबला होता.

"कोणत्या जनावराची?" आतून आवाज आला.

प्रोफेसरांच्या तेव्हा कुठं लक्षात आलं. त्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं. हे जमिनीकडं बघत होते.

"बहुतेक बैलांची असतात, आत्या."

"आणि गाईंची?"

ते अडखळले. खोटं बोलणं त्या माणसाला जमत नव्हतं. "राख झाल्यावर वेगळं काही ओळखू येत नाही," ते हळूच म्हणाले.

आत्याबाईंनी कप बशीत ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही. त्या उठल्या आणि मागच्या चौकात गेल्या. मग नेसत्या आलवणानिशी अंगावर पाणी ओतल्याचा आवाज येऊ लागला. एकामागून एक तांबे. तो थांबेचना. प्रोफेसर कधी उठून गेले मला आठवत नाही. मी मागं गेले तेव्हा त्या भिजून, दातखीळ बसल्यासारख्या, दगडावर बसल्या होत्या. मी पुढं झाले तर हात वर करून म्हणाल्या, "शिवू नकोस मला."

त्या संध्याकाळी मी चुलीपुढं बसून रडत होते. ह्यांनी शेजारी पाट ओढला आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"कपाच्या तळाशी लिहिलेलंच होतं. मी पाचगणीलाच वाचलं."

मला आधी त्यांच्या बोलण्याचा अर्थच लागेना. रोज दुपारी आत्याबाई कप उजेडाला धरून शेजारणींना काच म्हणून दाखवत होत्या, आणि हे तिथंच बसून वह्या तपासत होते. "अहो, तुम्ही इतके महिने बघत बसलात?" मी विचारलं. ते उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आत्याबाईंना स्वतःच सांगितलं. त्या देवघरासमोर बसल्या होत्या, आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नव्हतं. ऐकून त्या उठल्या. ह्यांच्यासमोर आल्या. आणि शाळेत साऱ्या मुलांना ज्यांचा धाक, त्या माझ्या नवऱ्याच्या त्यांनी फाडकन थोबाडीत मारली. आदल्या दिवशी मला शिवू नको म्हणणारी बाई. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले.

"का सांगितलं नाहीस?"

ह्यांचा चष्मा वाकडा झाला होता. तो नीट न करताच म्हणाले, "आत्या, मला कळायला लागल्यापासून तू स्वतःसाठी काही मागितल्याचं आठवत नाही. पहिल्यांदा मागितलंस. माझी जीभ रेटेना."

मला वाटलं, आता त्या ह्यांना जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "मग मला सांगायचंस आणि विचारायचंस, आत्या, असं असं आहे, तुला चालेल का. मी हो म्हटलं असतं, नाही म्हटलं असतं. माझं काय ते मी बघितलं असतं. लहानपणापासून सगळ्यांनी माझं परस्परच ठरवलं. मला वाटलं होतं, तू तरी त्यातला नाहीस."

हे त्या दिवशी शाळेत गेले नाहीत. ह्यांना इतकं खचलेलं मी पुढंही कधी पाहिलं नाही.

आत्याबाईंनी स्वतःच गुरुजींना बोलावणं धाडलं. गुरुजी घरचेच, वर्षानुवर्षं येणारे. त्यांनी ऐकलं, कानावर हात ठेवले, मग प्रायश्चित्त सांगितलं. चांगला दिवस बघून क्षौर करायचं, पंचगव्य घ्यायचं, आणि तो संच फोडून कृष्णेत सोडायचा. चहाही वर्ज्य. आत्याबाई सगळ्याला हो म्हणाल्या.

चांगला दिवस आठवड्यानं होता. ते दिवस फार वाईट गेले. चहा बंद झाल्यानं त्यांचं डोकं असं दुखू लागलं की त्या कपाळाला फडकं आवळून पडून राहायच्या. मी एकदा पितळी पेल्यात चहा करून नेला. "चहाच नको," म्हणाल्या. कपबशा टोपलीत घालून कोपऱ्यात ठेवल्या होत्या, वर फडकं. येता-जाता आम्ही तिघंही त्या कोपऱ्याला वळसा घालत होतो, घरात मढं झाकून ठेवल्यासारखं.

ठरल्या दिवशी सकाळी गुरुजी पुढच्या सोप्यात येऊन बसले. पंचगव्याची वाटी तयार. मागच्या दारी न्हावी आला, हत्यारांची धोपटी सोडली. आत्याबाई नेहमीसारख्या दगडावर बसल्या, मान खाली घातली. त्यानं पाणी घेऊन डोक्याला हात लावला. मी आडोशाला उभी होते.

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या.

त्याला वाटलं पाणी गार लागलं. "कोमट आनू का, आत्या?"

"नको. आज नको. आणि मी बोलावल्याशिवाय परत येऊ नकोस."

"आवं, असं काय करताय? भटजी आत बसल्यात. त्येनीच सांगून धाडलं मला."

"तुझे दाणे-पैसे तुला वेळच्या वेळी मिळतील. जा तू."

"मग त्येस्नी काय सांगू?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगते."

त्या उठल्या, ओल्या डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या अंगावरून सरळ पुढच्या सोप्यात गेल्या. मी पाठोपाठ धावले. हे दारात होते.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "प्रायश्चित्ताच्या आधी पाप लागतं. मी आठवडाभर शोधलं. मला सापडलं नाही. तुम्हाला सापडलं असलं तर सांगा."

गुरुजी म्हणाले, "अजाणता झालं तरी दोष हा लागतोच. अहो, गाईचं हाड तोंडाला लागलं तुमच्या."

"लागलं. मला माहीत नव्हतं. नवरा गेला तेव्हाही मला काही माहीत नव्हतं. त्याचं प्रायश्चित्त मी जन्मभर घेतलं. आता आणखी नाही."

"मग निदान तो संच तरी कृष्णेत टाका."

"कृष्णेत आधीच काय कमी हाडं आहेत? सगळ्या गावाची तिथंच जातात. त्याच पाण्यानं तुम्ही संध्या करता, आणि मी तेच घागर भरून आणते."

गुरुजींनी उपरणं सावरलं, वाटी तशीच ठेवली आणि ह्यांच्याकडं न बघता निघून गेले. मी त्या बाईकडं बघत होते आणि मला ती ओळखू येत नव्हती. चार वर्षं जिच्या हाताखाली वावरले, जिच्या सोवळ्याच्या धाकानं मी भिंतीला चिकटून उभी राहिले, तीच का ही?

त्या कोपऱ्यात गेल्या, टोपलीवरचं फडकं काढलं. शेगडी पेटवली. किटली गरम पाण्यानं तापवून ते पाणी ओतून दिलं, पत्ती घातली, वर टोपडं घातलं आणि थांबल्या. मग कपात चहा ओतून तोंडाला लावला. घोट घेतला, आणि लगेच तोंडावर हात धरून चौकात धावल्या. पोटात होतं नव्हतं ते ओकून टाकलं. मी पाठीवर हात फिरवायला गेले. शिवू नको म्हणाल्या नाहीत.

"आत्याबाई, जमत नाही तर कशाला?" मी म्हटलं. "पितळी पेला आहेच की."

चूळ भरून त्या म्हणाल्या, "मी ठरवलंय. शरीराला अजून कळलेलं नाही. कळेल त्याला."

रोज दुपारी त्या प्रयत्न करायच्या. कधी एक घोट, कधी तोही नाही. मला ते बघवत नसे. ह्यांना तर अजिबातच बघवत नसे, ते मुद्दाम शाळेत थांबायचे. पण दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी मी धुणं वाळत घालून आत आले, तर त्या डोळे मिटून चहा पीत होत्या आणि कप अर्ध्याहून अधिक रिकामा होता. मी काही न बोलता तशीच मागं फिरले.

याची किंमत द्यावी लागलीच. श्राद्धाच्या स्वयंपाकाची बोलावणी एकदम थांबली. घाटावर आत्याबाई गेल्या की बायका आपल्या घागरी उचलून बाजूला ठेवायच्या. एकीनं तर, भरलेली घागर त्यांची सावली पडली म्हणून ओतून दिली, आणि ती बाई त्यांच्याकडून पुरणपोळी शिकलेली होती. त्या दिवशी त्या घरी आल्या आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून निजल्या. त्यांनी जे केलं त्यानं त्या सुखी झाल्या असं मी म्हणणार नाही. हळदीकुंकवाला आमच्या घरी येणाऱ्या बायका पाणीसुद्धा घेईनाशा झाल्या, आणि मला त्याचा रागही यायचा, आणि खरं सांगायचं तर आत्याबाईंचाही यायचा. केस मात्र वाढत होते. आधी कापलेल्या जोंधळ्याच्या रानासारखे पांढरे खुंट, मग दिवाळीपर्यंत कानावर येणारे मऊ, रेशमासारखे. एकदा त्यांनी मला विचारलं, "विंचरतात कसे गं?" मी फणी घेऊन त्यांच्या मागं बसले, पण किती तरी वेळ माझा हात वर होईना. त्या वयाच्या बाईला केस विंचरायचे माहीत नाहीत, हे मला इतक्या जवळून कधी जाणवलंच नव्हतं.

प्रोफेसर तोंड दाखवत नव्हते. त्यांना वाटायचं, आपल्यामुळं एक घर मोडलं. थंडीत एके दिवशी आत्याबाईंनीच ह्यांना सांगितलं, त्यांना घेऊन ये. ते आले, खाली मान घालून सोप्यात बसले. आणि आत्याबाई आतून ट्रे घेऊन बाहेर आल्या, परपुरुषासमोर सोप्यात सतरंजीवर बसल्या, पदर नीट डोक्यावर होता पण कपाळावर पांढरी बट आलेली. त्यांनी स्वतः चहा ओतला.

"आत्या, त्या दिवशी मी बोलायला नको होतं," प्रोफेसर म्हणाले.

"तुम्ही बोललात म्हणून कळलं. चहा घ्या, निवतोय."

त्यांनी कप उचलला. आत्याबाईंनी त्यांना अर्धा कप पिऊ दिला आणि मग विचारलं, "आता मला सांगा, अंगाला लावायचा साबण कशाचा करतात?"

प्रोफेसरांनी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "सांग. खरं तेच सांग."

"काही तेलाचे असतात," प्रोफेसर म्हणाले, "काही चरबीचे."

"आमचा कुठला?"

मी जाऊन वडी आणली. त्यांनी कागद वाचला, हुंगून पाहिलं, वडी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "यात चरबी असावी."

मी ती वडी हातातून टाकलीच. त्याच साबणानं मी सकाळी न्हायले होते. आत्याबाईंनी मान हलवली. "तो नको मला. शिकेकाई आहे. बरं, साखर?"

"विलायती साखर काही ठिकाणी हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात. आपल्याकडची तशी नसते बहुतेक."

"बहुतेक," आत्याबाई म्हणाल्या आणि विचार करत बसल्या. मग त्यांनी चमचाभर साखर घेतली, स्वतःच्या कपात घातली आणि ढवळली. "हे चालेल. आणि औषधाच्या त्या गोळ्या? दम्याच्या?"

हे हसायला लागले होते. मी मात्र दाराला धरून उभी होते, आता घरातली आणखी कुठली वस्तू कशाची निघते या धास्तीनं, आणि आत्याबाई प्रोफेसरांचा रिकामा कप पुन्हा भरत होत्या.